रेशनची रांग, उसाची तोड आणि हळदीचा सौदा : हुकमी आणि बाजार अर्थव्यवस्थेत रोजच्या जगण्याला काय फरक पडतो

विट्याची एक मुलगी राज्यसेवेचा अभ्यास करतेय, तिनं विचारलंय की हुकमी अर्थव्यवस्थेत सरकार ठरवतं आणि बाजार अर्थव्यवस्थेत मागणी-पुरवठा ठरवतो ही व्याख्या पाठ झाली, पण घरातल्या माणसाला त्याचा नेमका काय फरक पडतो ते काही केल्या डोळ्यासमोर येत नाही. आणि रशियात ब्रेड, घरभाडं, मेट्रो सगळं एवढं स्वस्त होतं तर लोक वैतागले कशाला? शेवटी तिचं असंही म्हणणं आहे की मग आपल्याकडचं रेशन बंद करून सरळ खात्यावर पैसे टाकावेत का.

मी काही प्रोफेसर नाही. पण लहानपणी वडिलांच्या रेशन दुकानात पोती मोजली, उभी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात केली आणि रिटायर झाल्यापासून सांगलीच्या मार्केट यार्डात भावाच्या हळदीच्या अडतीवर बसतो. म्हणजे एक जागा पूर्ण हुकमी, एक अर्धी हुकमी आणि एक बाजाराची, अशा तिन्ही ठिकाणी गिऱ्हाईक आणि शेतकरी कसा वागतो, कसा बोलतो, कशाला घाबरतो हे जवळनं बघितलंय. त्यावरनं सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातनं काढून टाक, की एका पद्धतीत टंचाई असते आणि दुसरीत नसते. चांगलं घर, चांगलं मटण, चांगला डॉक्टर हे कुठल्याच देशात सगळ्यांना पुरेल एवढं नसतं. मग कुणाला मिळणार आणि कुणी मोकळ्या हातानं परत जायचं हे कशावरनं तरी ठरावं लागतं. बाजारात ते रेटवरनं ठरतं. माल कमी पडला की रेट चढतो आणि ज्याला परवडत नाही तो बाजूला होतो, हे कठोर आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. पण चढलेला रेट त्याच वेळी दुसरं एक काम करतो, तो लांबच्या कुणालातरी कळतो आणि तो माणूस माल भरून निघतो नाहीतर पुढच्या हंगामाला तेच पीक धरतो. हुकमी पद्धतीत रेट हलूच देत नाहीत, मग वाटप रेटवरनं न होता रांगेवरनं, कोट्यावरनं, ओळखीवरनं, साहेबाच्या सहीवरनं होतं. आणि रांग कितीही लांबली तरी ती लांबल्याचं माल बनवणाऱ्याला कळत नाही, कळलं तरी त्याला त्यात काही फायदा नसतो. माझ्या मते सगळा फरक इथं आहे, बाकीचं सगळं यातनंच निघतं.

आता रशिया घे. १९२१ ला तिथं गॉसप्लान नावाचं नियोजन मंडळ निघालं, १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या, आणि कुठल्या कारखान्यानं काय बनवायचं, किती टन, कुणाला द्यायचं आणि केवढ्याला, हे सगळं वरनं ठरायला लागलं. किंमत एवढी पक्की की चमच्यावर, भांड्यावर, खेळण्यावर ती छापून, कोरून यायची. मॉस्कोच्या मेट्रोचं तिकीट १९६१ पासून १९९१ पर्यंत पाच कोपेक राहिलं, तीस वर्षं. सरकारी घरांचं भाडं तर १९२८ च्या दरानं चाललेलं. हे खोटं नाही, आणि त्याचा आधारही मोठा होता, नोकरी जाण्याची भीती नाही, म्हातारपणी छप्पर जाईल ही भीती नाही, दवाखाना आणि शाळा फुकट. आपल्याकडं पोरगा पुण्यात कंपनीत लागला की घरातले वर्षभर धास्तीत असतात की कंत्राट वाढवतील का काढतील, ती धास्ती तिथल्या कामगाराला माहीत नव्हती. हे मान्य करूनच पुढं बोलायला पाहिजे.

पण कामावरनं सुटल्यावर बाईची संध्याकाळ कशी जायची बघ. दुकानात आधी माल बघायला आणि वजन करून घ्यायला एक रांग, मग गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायला दुसरी रांग, आणि पावती घेऊन माल उचलायला परत पहिल्या काउंटरची रांग. कुठं काय मिळेल याचा नेम नाही म्हणून माणसं जाळीची पिशवी कायम खिशात ठेवायची, रस्त्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं की कशाची आहे. पगार हातात, किंमत परवडणारी, आणि माल नाही. सरकारी घर मिळायला वर्षानुवर्षं नंबर, तोवर चार कुटुंबं एका फ्लॅटमध्ये एकच स्वयंपाकघर वापरणार. तू विचारलंस ना वैतागले कशाला, तर स्वस्ताईची किंमत लोक वेळेत आणि मिनतवारीत भरत होते, आणि ती कुठल्याच हिशोबात दिसत नव्हती.

पूर्व जर्मनीत ट्रॅबंट गाडीसाठी दहा-दहा वर्षांपेक्षा जास्त वेटिंग असायचं आणि वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग जायची, कारण जुनी लगेच हातात मिळायची. हे ऐकून तुला नवल वाटेल पण घरी कुणी साठीच्या पुढचं असेल तर त्यांना स्कूटरचं विचार. आपल्याकडं १९९१ च्या आधी कारखान्यानं किती स्कूटरी काढायच्या हे लायसनमध्ये लिहून यायचं, मागणी कितीही असली तरी त्यापुढं काढायची सोय नव्हती, म्हणून लोक आधी डिपॉझिट भरून नंबर लावायचे, वर्षानुवर्षं थांबायचे आणि नंबर लागला की कुणी तिथल्या तिथं चढ्या भावानं दुसऱ्याला देऊन टाकायचं. फोनचं तेच. गॅसचं तेच. सिमेंटचं तर मी स्वतः बघितलंय, घर बांधायचं म्हटलं की तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, किती पोती मिळणार ते साहेब ठरवणार, आणि मिळाली त्याच्यात स्लॅब होत नाही म्हणून उरलेली ब्लॅकनं घ्यायची. १९८२ ला सिमेंटच्या कोट्यावरनं राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं, यावरनं सिमेंटच्या पोत्यावर सही करायचा अधिकार केवढ्या मोलाचा होता ते समज. त्याच साली सिमेंट अर्धवट मोकळं केलं, १९८९ ला पूर्ण. आज गल्लीच्या तोंडाला सिमेंटचं दुकान असतं, पाच पोती पाहिजेत म्हटलं तर टेम्पोनं घरपोच येतात. तेच राज्य, तीच माणसं, फक्त कंपन्यांना जास्त बनवण्यात फायदा दिसायला लागला.

भारत कधीच रशियासारखा पूर्ण हुकमी नव्हता हे परीक्षेत लिहायला विसरू नको. जमीन शेतकऱ्याचीच होती, दुकानं लोकांचीच होती. आपण मिश्र होतो आणि अजूनही आहोत, आणि त्याचं चालतंबोलतं उदाहरण तुझ्या आजूबाजूच्या शेतात उभं आहे. वाळवा, पलूस, कडेगाव भागात एकाच शेतकऱ्याच्या एका तुकड्यात ऊस असतो आणि दुसऱ्यात हळद. माती एक, पाणी एक, राबणारी माणसं एक. पण ऊस बऱ्याच अंशी हुकमावर चालतो आणि हळद पूर्ण बाजारावर. दोन्ही पद्धती समजून घ्यायला मला तरी याच्यापेक्षा चांगली शाळा माहीत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

उसावर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचं राज्य आहे. दर म्हणजे एफआरपी, कारखान्यानं उसाला कमीत कमी द्यायचाच तो दर, दिल्ली ठरवते, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातनं निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये. पैसे १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. दोन कारखान्यांमध्ये आपल्या राज्यात २५ किलोमीटर हवाई अंतर पाहिजे, म्हणजे ऊस जास्त आहे म्हणून शेजारी कुणी नवा कारखाना टाकीन म्हटलं तर चालत नाही. गाळप परवाना पुण्याच्या साखर आयुक्तांकडनं, हंगाम कधी सुरू करायचा ते मंत्री समिती ठरवणार. तयार साखर कारखान्यानं महिन्याला किती विकायची तो कोटाही २०१८ पासून परत दिल्लीहून येतो. २०१३ पर्यंत तर साखरेचा ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून पडत्या भावानं रेशनला द्यावा लागायचा. डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करणं थांबवलं आणि ज्यांनी नुकतेच कर्ज काढून डिस्टिलरी वाढवल्या होत्या त्यांना एका रात्रीत हिशोब बदलावा लागला, ते निर्बंध उठले पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये.

यात शेतकऱ्याला काय मिळतं? सर्वात मोठी गोष्ट म्हणजे झोप. लावण केली, गट ऑफिसला नोंद दिली की माल विकला जाणार आणि अंदाजे किती पैसे येणार हे लावणीच्या दिवशीच माहीत. मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं उसाच्या बिलावर ठरवता येतं. म्हणूनच आपल्या जिल्ह्यात पाणी आलं तिथं ऊस आला. कुणी शेतकऱ्याला नावं ठेवत असेल की हा आळशी, ऊस लावून मोकळा होतो, तर त्यानं एक वर्ष हळद करून बघावी.

पण बदल्यात काय द्यावं लागतं ते शेतकी खात्यात बसल्याशिवाय कळत नाही. दर ठरलेला, कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली, आणि ऊस त्याच्यापेक्षा जास्त, मग तोड कुणाला आधी हे रेटवरनं ठरूच शकत नाही. ते ठरतं लागणीच्या नोंदीच्या तारखेवरनं, म्हणजे रांगेनं. आणि रांग आली की तिच्यामागनं ओळख आली. माझ्या टेबलासमोर डोळ्यात पाणी आणून बसलेली माणसं मी बघितलीत, उसाला तुरा आलाय, वजन घटतंय, खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यातनं येणारं पुढचं पीक) मागं पडतोय, साहेब चिठ्ठी द्या. कायदा सांगतो की नोंदीप्रमाणं तोड, पण ऊसतोडीची टोळी फडात घालायची कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर यात तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या स्लिपबॉयपासनं संचालकापर्यंत सगळ्यांचा शब्द चालतो. आणि मग खुशाली. टोळीला एकरी पैसे, ट्रॅक्टर ड्रायव्हरला खेपेमागं एन्ट्री, वर जेवण. साखर आयुक्तांनी परिपत्रकं काढली, तक्रारी घ्यायला सांगितलं, तरी ती थांबत नाही आणि मला वाटतं थांबणारही नाही, कारण ऊस वेळेत तुटणं याला खरी किंमत आहे आणि कायद्याच्या दरात ती कुठंच धरलेली नाही. रशियात दुकानदार काउंटरखाली माल ठेवायचा आणि ओळखीच्याला द्यायचा त्यातलाच हा प्रकार. माणसं वाईट असतात म्हणून होत नाही, टोळीतली बीड-जतकडची माणसं तर पोटासाठी थंडीत फडात झोपणारी. किंमत दाबली की ती दुसऱ्या वाटेनं बाहेर येते.

दुसरं म्हणजे टनेज. उसाचं बिल वजनावर आणि कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. तुझ्या उसात साखर चांगली असली तरी तुला वेगळे पैसे नाहीत, ती सगळ्यांच्यात मिसळली. मग शेतकरी काय बघणार? वजन. आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं ८६०३२ हा उसाचा वाण पण दिला आणि २६५ पण दिला. २६५ चं वजन जबरदस्त, पण कारखाने कुरकुरायला लागले की उतारा पडतो, काहींनी नोंद घ्यायला टाळाटाळ केली, आणि शेतकरी म्हणाला आम्हाला टनावर पैसे देता मग आम्ही टनच पिकवणार. दोघंही आपल्या जागी बरोबर. रशियात हेच देशभर चालायचं, कारखान्याला टार्गेट टनात दिलं की यंत्रं जड, भांडी जड, खुद्द ख्रुश्चेव्हनं तक्रार केली होती की झुंबरं उगीच जड बनवतात कारण प्लॅन वजनावर मोजतात. वापरणाऱ्याला काय हवंय हे विचारायचा रस्ताच नाही, मोजणारा जे मोजतो ते बनतं.

आता यार्डात ये. हळदीच्या सौद्याला खरेदीदार हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो, ओल किती आहे बघतो. शेजारी-शेजारी लागलेल्या दोन ढिगांना क्विंटलमागं हजार-दोन हजारांचा फरक पडतो आणि तो शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर पडतो. ज्यानं नीट शिजवली, नीट वाळवली, पॉलिश नीट केलं त्याला त्याचे पैसे. तो घरी जाऊन भावकीत सांगतो आणि पुढच्या वर्षी चार जण तसं करतात. हे सांगायला कुठला अधिकारी लागत नाही. आणि बोलण्यातला फरक तर रोज जाणवतो. वडिलांच्या दुकानात पाच-पाच माणसं हात जोडून उभी असायची, साखर आली का, रॉकेल आलं का, गावात केवढा मान, पण तो मान मालाचा होता. इथं अडतीवर शेतकरी आला की आम्ही चहा सांगतो, पट्टी त्याच दिवशी करून देतो, भाड्याला उचल पाहिजे का विचारतो, कारण नाही आवडलं तर पुढच्या वेळी गाडी शेजारच्या अडतीवर उतरणार. आमचा स्वभाव वडिलांपेक्षा गोड आहे असं नाही. शेतकऱ्याला दुसरीकडं जाता येतं, एवढंच.

रेशनमध्येही अलीकडं हे झालंय. ई-पॉस मशीन आलं, अंगठा लावून कुठल्याही दुकानातनं धान्य घेता यायला लागलं, तेव्हापासनं दुकान वेळेवर उघडणं आणि वजन नीट देणं यात पुष्कळ गावांत फरक पडला. धान्य सरकारचंच, दर सरकारचाच, फक्त गिऱ्हाईकाला दुकान बदलता यायला लागलं.

पण हळदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१० च्या सुमाराला हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली. मग जो तो हळद लावायला लागला, इथं, कर्नाटकात, निजामाबादकडं, मराठवाड्यात. दोनेक वर्षांत रेट चार-पाच हजारांवर. नऊ महिने शेतात, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, एवढं करून खर्च निघेना. रेट निरोप पोचवतो हे खरं, पण तो सगळ्यांना एकदम पोचवतो आणि एक हंगाम उशिरा पोचवतो. साताऱ्याकडं आल्याचं तेच होतं, एका वर्षी गाडी घेतलेला माणूस पुढच्या वर्षी आलं काढायचं सोडून देतो. आणि हळद पडली तर कुणाला जाब विचारायचा? उसाला आंदोलन होतं, दरवर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद होते, काटे बंद पडतात, ट्रॅक्टर अडवतात, कारण उसाच्या दराला पत्ता आहे, अमुक मंत्री, अमुक आयुक्त, अमुक चेअरमन. हळदीच्या दराला पत्ता नाही.

दराला पत्ता असणं सरकारलाही जड जातं. रशियात १९६२ च्या जूनमध्ये मटणाचे भाव तीसेक टक्के आणि लोण्याचे पंचवीस टक्के वाढवले, नोव्होचेर्कास्क गावात इंजिन कारखान्याचे कामगार रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसच्या वर माणसं गेली आणि ही गोष्ट कित्येक वर्षं दाबून ठेवली. त्यानंतर मटण-लोण्यासारख्या मालाचे भाव वाढवायची हिंमत कित्येक वर्षं कुणी केली नाही, तोटा सरकारनं सोसला आणि दुकानं रिकामी होत गेली. आपल्याकडं साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला किलोला ३१ रुपये केला आणि त्यानंतर एफआरपी वाढत गेली पण तो ३१ वर्षानुवर्षं जागचा हलला नाही, कारण एक वाढवली तर शेतकरी खूश आणि दुसरा वाढवला तर शहरातली बाई नाराज. मधल्या फटीत कारखान्यांची कर्जं वाढत जातात. आणि आपल्या लोणंदच्या कांद्याचं तर सर्वांना आठवत असेल, डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ ला. निवडणुकीच्या आधी शहरात कांदा स्वस्त ठेवायचा म्हणून शेतकऱ्याचा रेट पाडला. मला हे मनापासनं खटकतं. गरिबाला कांदा स्वस्त द्यायचाच असेल तर सरकारनं पदरचे पैसे घालून द्यावा, तो भार एकट्या कांदेवाल्याच्या बोकांडी का?

चीनचं एक उदाहरण उत्तरात लिहायला चांगलं आहे. अनहुई प्रांतातलं शियाओगांग गाव, १९७८. शेती सामुदायिक, किती पिकवलं तरी वाटा तेवढाच, गाव उपाशी. अठरा घरांनी चोरून कागदावर अंगठे उठवले की जमीन घरागणिक वाटून कसायची, सरकारचा हिस्सा भरायचा आणि उरलेलं ज्याचं त्याचं. पुढच्याच वर्षी पीक कितीतरी पटीनं वाढलं. माती बदलली नव्हती, बी बदललं नव्हतं. पुढं सरकारनंच ती पद्धत देशभर लावली. तरी धान्याची कुपनं तिथं १९९३ पर्यंत होती, म्हणजे एका रात्रीत सगळं मोकळं केलं नाही.

रशियानं उलट केलं. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक भाव एकदम मोकळे सोडले. थोड्या दिवसांत दुकानात माल दिसायला लागला, रांगा गेल्या, पण त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या आसपास गेली, लोकांनी जन्मभर साठवलेली शिल्लक मातीमोल झाली आणि म्हाताऱ्या बायका घरातल्या कपबशा, स्वेटर घेऊन फुटपाथवर विकायला उभ्या राहिल्या. आधी पैसा होता आणि माल नव्हता, आता माल होता आणि पैसा नव्हता. म्हणून बाजार आला की सगळं सुटलं असं उत्तरात लिहू नको.

बाजार कुठं पोचत नाही हे आपल्याला शिकायला रशियाला जायला नको. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना विचार. जत, आटपाडी, माण, खटावमध्ये रेट चढूनही काही उपयोग नव्हता, कारण विकत घ्यायला हातात दमडी नव्हती आणि जिथं पैसाच नाही तिथं व्यापारी माल घेऊन जात नाही. तिथं लोक जगले ते दुष्काळी कामांवर, सुकडीवर आणि रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीवर. रोजगार हमीची कल्पना याच मातीतली, ती मांडणारे वि. स. पागे आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, पहिला प्रयोग तिथलाच. त्यात हुकूम आहे का बाजार? खरं सांगायचं तर सरकारनं माणसाच्या हातात मजुरी दिली आणि त्या मजुरीच्या मागं धान्य आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, हायवे बंद, पेट्रोल बंद, तेव्हा भाजीचा रेट काहीही झाला तरी गाडी येणार कुठनं? रस्ता मोकळा असेल तरच रेटचा निरोप कामाचा. त्या आठ-दहा दिवसांत बोटी, लष्कर आणि गावोगावच्या पोरांनी आणलेल्या भाकरी, यावरच शहर तगलं.

आणि सौदासुद्धा हवेत चालत नाही. वजनकाटा तपासलेला पाहिजे, शेतकऱ्याचे पैसे बुडले तर बाजार समितीनं अडत्याचं लायसन धरलं पाहिजे, खरेदीदारांनी आपसात ठरवून रेट पाडला तर कुणीतरी विचारणारं पाहिजे. हे नसेल तर दुबळ्याची लूट होते, मी होताना बघितलीय. त्यामुळं सरकार नको असं म्हणणाऱ्यातला मी नाही. माझं म्हणणं एवढंच की सरकारनं गरिबाच्या हाताला बळ द्यावं, काट्यावर नजर ठेवावी, आणि रेटला शक्यतो हात लावू नये, कारण रेट गोठवला की पुढची सगळी यातायात, रांग, चिठ्ठी, वशिला, खुशाली, ही आपोआप येते आणि तिचा मार सगळ्यात आधी ज्याची ओळख नाही त्याला बसतो.

राहिला तुझा रेशनचा प्रश्न. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कार्डामागं ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. त्याच साली राज्यानं मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यावर द्यायचं ठरवलं. पैसे दिले की माणूस त्याला पाहिजे ती ज्वारी घेतो, पाहिजे त्या दुकानातनं घेतो, निकृष्ट गहू उचलून गिरणीवाल्याला विकायची वेळ येत नाही, हे चांगलं. पण पाच किलो धान्य हे रेट काही झाला तरी पाच किलोच असतं आणि दीडशे रुपये सरकार वाढवत नाही तोवर दीडशेच राहतात. शिवाय पैसा घरात आला की तो कुणाच्या हातात जातो हेही बघावं लागतं, धान्याचं पोतं मात्र चुलीपर्यंत जातं, हे मी वडिलांच्या दुकानात बायकांच्या तोंडून कैक वेळा ऐकलंय. म्हणून मी सरसकट काहीच म्हणणार नाही. सांगली, मिरज, विट्यासारख्या ठिकाणी जिथं दहा किराणा दुकानं आणि बँक चालत्या अंतरावर आहे तिथं कार्डधारकालाच विचारावं, धान्य का पैसे, आणि वर्षातनं एकदा बदलायची मुभा द्यावी. जतच्या पूर्व भागात जिथं दुकान एक आणि बँक लांब तिथं धान्यच चालू ठेवावं. आणि पैसे द्यायचे तिथं ती रक्कम कायमची न ठरवता दर तिमाहीला त्या तालुक्याच्या आठवडी बाजारातल्या ज्वारी-गव्हाच्या रेटला बांधून घ्यावी आणि खातं घरातल्या बाईच्या नावावर असावं.